'२५०' या आकड्यातील वचन

एका कंपनीचा मेल सर्व्हर सांगतो, पत्र पोहोचवले. दुसऱ्या कंपनीतील माणूस सांगतो, पत्र आलेच नाही. देयक अडते, निविदेची मुदत टळते, दोष कोणाचा यावर वाद होतो; आणि पुष्कळदा दोन्ही पक्ष खरे बोलत असतात. हे कसे घडते, ते समजण्यासाठी १९८२ पर्यंत मागे जावे लागते. आजचा थ्रेड त्याविषयी.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांचा 'आरएफसी ८२१' हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. ईमेलची ने-आण करणाऱ्या एसएमटीपी या पद्धतीची ती संहिता. तिच्यातील दोन सर्व्हरांचे संभाषण एखाद्या दरबारी रिवाजासारखे आहे. पाठवणारा 'हेलो' म्हणून आपले नाव सांगतो. मग पत्र कोणाचे, कोणासाठी, आणि अखेरीस मजकूर. (आज्ञा चार अक्षरी हव्यात म्हणून 'हेलो'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'एल' गळाला!) प्रत्येक आज्ञेला तीन अंकी उत्तर मिळते. २ ने आरंभ झाला तर मान्य. ४ ने झाला तर 'आता नाही, पुन्हा या'. ५ ने झाला तर कायमचा नकार.

मजकूर संपल्यावर येणारे '२५०' हे उत्तर मात्र साधी पोच नव्हे. ते दिले की पत्राची जबाबदारी घेणाऱ्याकडे जाते: पत्र पोहोचवावे, नाहीतर पोहोचले नाही असे पाठवणाऱ्यास कळवावे. १९८९ च्या 'आरएफसी ११२३'ने हे अधिक कडक केले. यंत्र मध्येच बंद पडले, या सबबीवर पत्र हरवता कामा नये. आणि पत्र लगेच जात नसेल तर पाठवणाऱ्याने निदान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत.

या व्यवस्थेमागे एक गृहीतक होते, की पाठवणारा स्वतःचे नाव खरे सांगतो. वस्तुतः नको असलेली पत्रे नाकारण्याची सोयच नाही, ही अडचण पोस्टेल यांनी १९७५ मध्येच मांडली होती. १९७८ च्या मे महिन्यात डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात धाडली. तरीही अनेक सर्व्हर पुढे कित्येक वर्षे कोणाचेही पत्र कोणाकडेही निमूटपणे पोहोचवत राहिले. 'सेंडमेल' या बहुप्रचलित प्रणालीने हा उघडा दरवाजा मुळातूनच बंद ठेवायला सुरुवात केली ती १९९८ मध्ये.

माझ्या मते खरा घाव बसला तो इथे. स्पॅमवरील प्रेषकाचे नाव खोटे असल्याने 'पत्र पोहोचले नाही' ही सूचना भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडू लागली. प्रामाणिकपणे कळवणे हाच उपद्रव ठरला! मग अनेक सर्व्हर '२५०' म्हणून पत्र स्वीकारू लागले आणि आत नेऊन गुपचूप टाकून देऊ लागले. २००८ च्या 'आरएफसी ५३२१'नेही, फसवेगिरीची पक्की खात्री असेल तेव्हा, या मौनाला नाइलाजाने वाट करून दिली.

म्हणून आजचा शोध हा बराचसा साधनचिकित्सेचा भाग आहे. प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर 'रिसीव्ह्ड' अशी ओळ चढवतो. जुन्या लिफाफ्यावरील टपालशिक्क्यांसारख्या या ओळी खालून वर वाचायच्या; दोन वेळांत अवाजवी अंतर दिसले की खोळंबा तिथे. मात्र आपल्या सर्व्हरने घातलेली ओळ तेवढी विश्वासार्ह. त्याखालच्या बनावटही असू शकतात.

पत्र उशिरा पोहोचले आणि नोंदीत ४ चे उत्तर आढळले, तर 'ग्रेलिस्टिंग' असू शकते. अनोळखी सर्व्हरला आधी परत पाठवायचे आणि तो पुन्हा आला तरच आत घ्यायचे, ही २००३ मधील युक्ती. ५ चे उत्तर आढळले तर डोमेनच्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी तपासाव्यात. कंपनी सर्व्हर बदलते आणि एसपीएफमध्ये जुनाच पत्ता राहतो, हा प्रकार फार आढळतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत.

आणि '२५०' मिळूनही पत्र नसेल तर? बहुधा त्याच ओळीत घेणाऱ्या सर्व्हरने पत्राला दिलेला क्रमांकही असतो. 'मेल मिळाला नाही' या तक्रारीऐवजी तो क्रमांक आणि वेळ समोरच्या तंत्रज्ञाला कळवावी. पत्र गाळणीत अडकले, विलग ठेवले गेले की नष्ट झाले, याचे उत्तर तिथून पुढे केवळ त्याच्याच दप्तरात सापडते.