उमेदवारी आणि पदवी

‘उमेदवार’ हा शब्द आता आपल्या कानांवर पडतो तो निवडणुकीच्या हंगामात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मात्र तो कचेरीतला शब्द होता. गायकवाड, होळकर किंवा शिंदे सरकारच्या दफ्तरात एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहत, बहुधा बिनपगारी राबणारा तरुण म्हणजे उमेदवार. मोडीचे वळण घोटावे, जमाखर्च लिहावयास शिकावे, वरिष्ठ कारकुनाच्या टिपणांच्या नकला कराव्यात, हा त्याचा अभ्यासक्रम. माझ्या पणजोबांनी बडोद्यात अशी दोन वर्षे काढली, असे आमच्या घरी सांगत. त्या दोन वर्षांचा दाखला त्यांना कोणी दिला नाही. नेमणूक झाली, हाच काय तो दाखला.

हे आठवण्यास निमित्त झाली इंदूरला वाढलेली माझ्या पुतण्याची मुलगी. बी.एस्सी. होऊन ती २०१८ साली पुण्यात एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. आठवडाभर नोकरी, शनिवारी वर्ग, आणि चार वर्षांनी पदव्युत्तर पदवी, असा तो करार होता. घरातील वडीलधाऱ्यांना हा प्रकार नवाच वाटला. मला तो निम्मा जुना वाटला. जुने काय आणि नवे काय, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा वाट आमच्याच गावातून निघाली.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले प्राचार्य. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे देशी भाषेतून शिकविले जात. दादासाहेब फाळके येथलेच विद्यार्थी. हाताने काम करणाऱ्यालाही शास्त्र समजले पाहिजे, हा गज्जरांचा आग्रह त्या काळाच्या मानाने धाडसाचा होता. परंतु पदवीचा मान होता तो शेजारच्या बडोदा कॉलेजात, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देणाऱ्यांना. एकाच गावात ज्ञानाची दोन घरे होती. कलाभवन विद्यापीठाच्या छत्राखाली आले ते १९४९ साली, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा.

ही दुफळी केवळ आपल्याकडची नव्हे. इंग्लंडात एलिझाबेथ राणीच्या १५६३ च्या कायद्याने कारागिराला सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ते बंधन १८१४ साली उठले. विद्वत्तेची वाट ऑक्सफर्ड-केंब्रिजकडे जाई, कारागिरीची वाट उस्तादाच्या कारखान्याकडे. या दोन वाटांची सरकारी योजनेत गाठ पडली ती थेट २०१५ साली. कारणे आदर्शवादाची कमी आणि हिशेबाची अधिक होती. २०१२ पासून इंग्लंडातील विद्यापीठांचे वार्षिक शुल्क ९,००० पौंडांपर्यंत गेले होते आणि कर्ज काढून शिकण्याची अनेक घरांना धास्ती वाटू लागली होती. दुसरीकडे संगणक कंपन्यांना माणसे हवी होती, आणि मिळत होती ती पुस्तकी. तेव्हा सप्टेंबर २०१५ मध्ये ‘पदवी-उमेदवारी’ सुरू झाली. आघाडीच्या विषयांत माहिती तंत्रज्ञान होते. यातला तरुण आधी नोकर असतो, मग विद्यार्थी. पगार पहिल्या दिवसापासून मिळतो, विद्यापीठाचे शुल्क त्याला पडत नाही. एप्रिल २०१७ पासून ज्यांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांहून अधिक, त्या मालकांवर अर्धा टक्का उमेदवारी-कर बसला. हा पैसा ठरावीक मुदतीत वापरला नाही तर हातचा जातो. म्हणून काही कंपन्यांनी त्यातून आपल्या मधल्या फळीतील व्यवस्थापकांनाच शिकवून घेतले, अशी टीकाही झाली. माणसे इथूनतिथून सारखीच!

मला त्या योजनेतील एक बारीकसे कलम सर्वांत मोलाचे वाटते. २०१७ च्या नियमाप्रमाणे उमेदवाराच्या पगारी तासांपैकी किमान २० टक्के तास रोजच्या कामापासून दूर, शिकण्यासाठी राखून ठेवणे मालकावर बंधनकारक झाले. मोजमापाची रीत पुढे बदलली. शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे, हे तत्त्व टिकले.

आपल्याकडे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. पणजोबांच्या उमेदवारीत जे नव्हते ते त्याने दिले: विद्यावेतन. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही त्यात आले. पण क्रम असा की पदवी आधी आणि उमेदवारी मागाहून. संगणक उद्योगाने हा क्रम फिरविला. पिलानीच्या बिट्स संस्थेने नोकरदारांसाठी काम आणि शिक्षण जोडणारे अभ्यासक्रम १९७९ पासून चालविले होते. १९९५ च्या सुमारास विप्रो कंपनीने त्या संस्थेशी हात मिळवून विज्ञानाच्या पदवीधरांना नोकरीत घेतले आणि नोकरीतच सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळण्याची सोय केली. अभियंत्यांची चणचण होती. गणित जाणणारे बी.एस्सी. मात्र इंदूर-ग्वाल्हेर-बेळगावसारख्या गावोगावी होते. (कंपनीचे अझीम प्रेमजी यांनी स्वतः वडिलांच्या निधनामुळे १९६६ साली स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडले होते, आणि ती पदवी त्यांना तीसेक वर्षांनंतर मिळाली, ही गंमत येथे नोंदविण्याजोगी.) २०१७ साली एचसीएल कंपनीने बारावी झालेल्या मुलांसाठी असाच मार्ग काढला, आणि २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारी गुंफण्यास मार्गदर्शक तत्त्वे दिली. वैद्य, गवई, सोनार यांच्याकडे जे शतकानुशतके चालत आले, त्याला अखेर विद्यापीठाचा शिक्का मिळाला.

आता पुन्हा आमच्या मुलीकडे. तिला विचारले, दोन्ही एकदम करून काय मिळाले? ती म्हणाली, “आजोबा, एका मंगळवारी बँकेचं काम मध्यरात्रीपर्यंत अडून बसलं होतं. दोन व्यवहार होते. एकाच्या हातात एक खातं, दुसऱ्याच्या हातात दुसरं, आणि दोघांनाही समोरच्याच्या हातातलं हवं. म्हणून दोघे थांबलेले. मला ते कळेचना. शनिवारी सरांनी फळ्यावर नेमकं तेच काढलं. चार दिवस आधी भोगलेलं असल्यामुळे ते मी जन्मात विसरणार नाही.” याहून चांगली शिक्षणपद्धती गज्जरांनाही सुचली नसती.

परंतु पुढचेही सांगितले पाहिजे. शनिवार तिचा स्वतःचा होता, कंपनीचा नव्हे. सोमवार ते शुक्रवार काम पुरे, शनिवार वर्गात, रविवार गृहपाठात. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ग्राहकाचे काम निघाले आणि रजा नाकारली गेली. पहाटे चारपर्यंत काम करून ती नऊला परीक्षेस बसली. चार वर्षे पुरी होण्याआधी सोडले तर दंडाची रक्कम भरावी, असे करारात होते. तिच्याबरोबर लागलेल्यांपैकी एका मुलाने वडिलांच्या आजारपणात नोकरी सोडली. त्याला ती रक्कम भरावी लागली आणि पदवीही हुकली. १५६३ च्या कायद्यातला उमेदवार सात वर्षे उस्तादाच्या घरी बांधलेला असे. नव्या करारातील चार वर्षे त्याहून सौम्य खरीच, पण दोरी तीच आहे. इंग्लंडने पगारी तासांतून शिकण्याचा वेळ कापून घेतला; आमच्या मुलीकडून तो तिच्या विश्रांतीतून घेतला गेला. विद्यावेतनाची तरतूद करणाऱ्या आपल्या व्यवस्थेला शिकाऊ माणसाच्या शनिवाराचा हिशेब अजून मांडावयाचा आहे.

२०२२ साली तिला पदवी मिळाली. गेल्या वर्षीपासून नव्याने लागलेल्या मुलांना शिकविण्याचे काम तिच्याकडे आले आहे. वर्ग कधी घ्यावयाचा, हे ठरविणे तिच्या हाती होते. तिने बुधवारची दुपार मागून घेतली.