रंगो बापूजींची लंडनमधील वकिली

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘वकील’ हा शब्द प्रामुख्याने परदरबारी राहणाऱ्या राजप्रतिनिधीचा वाचक आहे. न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणारा, हा अर्थ इंग्रजी अमलात बळावला आणि जुना अर्थ मागे पडला. साताऱ्याचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने रेसिडेंटाच्या मध्यस्थीवाचून परसत्तेशी व्यवहार करण्यास साताऱ्याच्या राजास मनाई होती. कटाचा आरोप कबूल करून क्षमा स्वीकारण्याचे नाकारल्यामुळे ५ सप्टेंबर १८३९ रोजी प्रतापसिंह पदच्युत झाले. अशा राजाचा वकील कंपनीच्या लेखी वकीलच नव्हता. रंगो बापूजी १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहिले, ते या अमान्य अवस्थेत.

संचालकांचे दार बंद होते. तेव्हा त्यांनी उघड मार्ग धरला. जॉर्ज टॉम्प्सन, जोसेफ ह्यूम आदी इंग्रज मित्रांनी कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आणि पार्लमेंटात हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित केला. रंगो बापूजींनी स्वतःच्या नावाने पुस्तिका छापल्या. पुरावा बनावट आहे, राजाला रीतसर चौकशी मिळाली नाही, हे त्यांचे मुख्य म्हणणे. त्याचा रोख गव्हर्नर कार्नॅक व रेसिडेंट ओव्हन्स यांच्यावर होता, आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या संचालकांवरही.

हे मुत्सद्देगिरीस शोभणारे होते काय? १७९३ मध्ये फ्रान्सचा वकील झने याने अमेरिकेत वॉशिंग्टनच्या धोरणाविरुद्ध लोकमत चेतविले, तेव्हा अमेरिकेने त्याला परत बोलावण्याची मागणी केली. १९६१ च्या व्हिएन्ना करारानेही यजमान राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे बंधन वकिलावर घातले. परंतु हे बंधन मान्यतेचे मोल आहे. ज्याला मान्यताच नाकारली, त्याच्याकडून मौनाची अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी? प्रस्तुत लेखकाच्या मते रंगो बापूजींनी मर्यादा ओलांडली नाही. त्यांच्यासाठी ती आखलेलीच नव्हती. (आपली बाजू इंग्रजांच्याच न्यायबुद्धीपुढे मांडण्याचा त्यांचा विश्वास मात्र आज काहीसा भाबडा वाटतो.)

फळ काही आले नाही. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस निवर्तले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू आप्पासाहेबही गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. रंगो बापूजींच्या लंडनवासाच्या अखेरच्या वर्षी, १८५३ मध्ये, वाशीम-जऊळक्याच्या परिसरासह आपले वऱ्हाडही फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाकडून कंपनीच्या कारभारात गेले. तेथे तर असा वकीलही उभा राहिला नाही.

१८५७ मध्ये साताऱ्याच्या कटाचे सूत्रधार म्हणून सरकारने रंगो बापूजींचा शोध चालविला. त्यांचे पुत्र सीताराम यांना साताऱ्यात मृत्युदंड झाला. ते स्वतः मात्र सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत.