तिमिश्वारा ते तुर्गु मुरेश : तीन महिन्यांत काय बिघडलं?

आजचा भाग रोमानिया आणि हंगेरीवर आहे. रोमानिया म्हटल्यावर ज्यांना फक्त ड्रॅक्युला आठवला त्यांना आधीच सांगतो, तो येणार नाहीये.

हा विषय डोक्यात शिरला तो एका कॉलमुळे. आमच्या प्रोजेक्टची एक टीम क्लुजला बसते. क्लुज म्हणजे रोमानियातलं मोठं आयटी शहर, ट्रान्सिल्व्हेनिया नावाच्या प्रदेशातलं. सगळे जॉईन होईपर्यंत जी बडबड चालते, त्यात मी एकाला सहज विचारलं, "तुम्हा रोमानियन लोकांकडे थंडीत काय खातात?" तो म्हणाला, "पासपोर्ट रोमानियन आहे, पण मी हंगेरियन." लगेच दुसरा म्हणाला, "आणि तो या शहराला क्लुज नाही म्हणत, कोलोझवार म्हणतो." दोघंही हसले. पण हसण्याआधी एक सेकंद कुणीच काही बोललं नाही. त्या एका सेकंदापायी माझे तीन वीकेंड गेले.

तर पटकन पार्श्वभूमी. ट्रान्सिल्व्हेनिया शतकानुशतकं हंगेरीच्या राजमुकुटाशी जोडलेला होता. तिथे रोमानियन लोक संख्येने जास्त, पण जमीन, शहरं आणि सत्ता मुख्यतः हंगेरियन आणि जर्मन लोकांच्या हातात. पहिल्या महायुद्धात हंगेरी हरला आणि ४ जून १९२० च्या ट्रियानॉन तहात त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भूभाग गेला. ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाला मिळाला. म्हणजे एकाच सहीने एका देशाचं स्वप्न पूर्ण झालं आणि दुसऱ्याच्या घरात सुतक आलं. १९४० मध्ये हिटलर आणि मुसोलिनीच्या मध्यस्थीने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया परत हंगेरीकडे गेला. त्या सप्टेंबरात इप आणि त्रेझ्नेआ या गावांत हंगेरियन सैनिकांनी रोमानियन गावकऱ्यांना मारलं. १९४४ मध्ये वारं फिरलं, तेव्हा रोमानियन स्वयंसेवकांच्या टोळ्यांनी हंगेरियन गावकऱ्यांना मारलं. युद्ध संपल्यावर प्रदेश पुन्हा रोमानियाकडे.

यातून दोन्हीकडे एकेक ठरलेलं चित्र तयार झालं. हंगेरियन माणसाच्या मनातला रोमानियन म्हणजे अडाणी, मागासलेला, 'बाल्कन'. रोमानियन माणसाच्या मनातला हंगेरियन म्हणजे माजलेला जुना जमीनदार, जो संधी मिळाली की देश तोडणार. आणि वर, "इथे आधी कोण आलं?" हा कधीही न संपणारा वाद. तो आपण आज उघडायचाच नाही, नाहीतर एपिसोड चार तासांचा होईल.

मग कम्युनिझम आला. कागदोपत्री दोन्ही देश समाजवादी बंधू, दोन्ही वॉर्सा करारात. आपल्याकडे बरेचदा असं सांगतात की कम्युनिस्टांनी हे जुने राग फ्रीजमध्ये ठेवले आणि १९८९ ला फ्रीज उघडला. मला हे पटत नाही. निकोलाय चाउशेस्कूने राग फ्रीजमध्ये ठेवलाच नव्हता, तो त्यावर रोज स्वयंपाक करत होता. त्याची राजवट जितकी गरीब होत गेली, तितकी ती जास्त राष्ट्रवादी झाली. दुकानं रिकामी, घरं थंड, टीव्ही दिवसातून जेमतेम दोन तास, त्यातही नेत्याचंच कौतुक. क्लुजचं हंगेरियन विद्यापीठ १९५९ लाच रोमानियन विद्यापीठात विलीन झालं होतं. पुढे हंगेरियन शाळाही आक्रसत गेल्या. १९८८ मध्ये त्याची खेडी पाडून टाकायची योजना गाजली, तेव्हा बुडापेस्टमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले. एका कम्युनिस्ट देशात दुसऱ्या कम्युनिस्ट देशाविरुद्ध मोर्चा! बदल्यात रोमानियाने क्लुजमधली हंगेरीची वकिलात बंद करायला लावली.

आता येतो डिसेंबर १९८९.

हंगेरीत बदल शांतपणे, टेबलावर बसून झाला होता. रोमानियात हलायला काही तयार नव्हतं. तिमिश्वारा हे पश्चिम सीमेजवळचं शहर, जिथे लोक चोरून युगोस्लाव आणि हंगेरियन टीव्ही बघत. तिथे लास्लो तोकेश नावाचा हंगेरियन पाद्री होता. त्याने राजवटीवर उघड टीका केली होती, म्हणून त्याची दूरच्या खेड्यात बदली करून त्याला घराबाहेर काढायचा हुकूम निघाला. १५ डिसेंबरला त्याच्या चर्चची माणसं घरासमोर उभी राहिली. बहुतेक हंगेरियन. मग शेजारचे रोमानियन आले. ट्राममधून जाणारे उतरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो एका पाद्र्याचा प्रश्न उरला नव्हता, चाउशेस्कूविरुद्धच्या घोषणा सुरू झाल्या होत्या. १७ तारखेला गोळीबार झाला, माणसं मेली. २२ ला चाउशेस्कू पळाला, २५ ला त्याला गोळ्या घातल्या.

जरा विचार करा, रोमानियाची क्रांती एका हंगेरियन माणसाच्या दारात सुरू झाली आणि ते दार वाचवायला रोमानियन उभे राहिले. लोकांनी झेंड्याच्या मधलं कम्युनिस्ट चिन्ह कापून काढलं होतं, मध्ये गोल भोक असलेला तिरंगा. हीच गोष्ट हंगेरियन लोकांनी १९५६ च्या उठावात केली होती. हंगेरीतून औषधं आणि अन्नाचे ट्रक निघाले. त्या एक-दोन आठवड्यांत सगळ्यांना वाटलं की संपलं, सत्तर वर्षांचं भांडण मिटलं.

तीन महिन्यांनी, मार्च १९९० मध्ये, तुर्गु मुरेश शहराच्या चौकात तेच दोन समाज काठ्या घेऊन एकमेकांवर धावून गेले.

हे कसं झालं? सुरुवात शाळेपासून झाली. तिथे एक जुनं नावाजलेलं हायस्कूल आहे, फार्कश बोयाई यांच्या नावाचं. (इंजिनिअर मंडळींसाठी : यांचा मुलगा यानोश, त्यानेच नॉन-युक्लिडियन भूमितीचा पाया घातला. बापाने पत्र लिहून त्याला विनवलं होतं की बाबा रे, समांतर रेषांच्या नादी लागू नकोस. मुलाने ऐकलं नाही.) ही शाळा मूळची हंगेरियन, नंतर मिश्र केलेली. जानेवारीत मागणी आली की ती पुन्हा पूर्ण हंगेरियन करा आणि रोमानियन वर्गांना दुसरीकडे हलवा.

हंगेरियन पालकाच्या बाजूने बघा. चाउशेस्कूने हिसकावलेली गोष्ट परत मागतोय, आता नाही मागायची तर कधी? आता रोमानियन पालकाच्या बाजूने बघा. कालपर्यंत खांद्याला खांदा लावून होतो आणि आज माझ्या मुलाला म्हणतायत, वर्गातून ऊठ. आज शाळा, उद्या जिल्हा, परवा ट्रान्सिल्व्हेनिया. दोघांच्याही भीतीमागे खरा इतिहास होता. पण दोघांनीही समोरच्यातला सगळ्यात टोकाचा माणूस उचलला आणि तोच सरासरी माणूस समजला. त्यात 'वात्रा रोमानियास्का' नावाची राष्ट्रवादी संघटना उभी राहिली. हंगेरियन लोकांचा पक्ष आधीच स्थापन झाला होता. १५ मार्चला हंगेरियन लोकांनी १८४८ च्या क्रांतीचा दिवस उघडपणे साजरा केला. दुसऱ्या दिवशी एका औषधाच्या दुकानावर हंगेरियनमध्ये 'औषधालय' लिहिलं होतं, त्यावरून बाचाबाची. एका पाटीवरून!

१९ मार्चला डोंगरातल्या रोमानियन खेड्यांतून माणसं गाड्या भरून आणली गेली. त्यांना सांगितलं होतं की शहर हंगेरियन लोकांनी ताब्यात घेतलंय. जमावाने हंगेरियन पक्षाच्या कार्यालयाला वेढा घातला. आत माळ्यावर लपलेल्यांत आंद्राश श्युतो हे मोठे हंगेरियन लेखक होते. सुरक्षित बाहेर काढू असं सांगितल्यावर ते खाली आले आणि जमावाच्या हाती सापडले. एक डोळा कायमचा गेला.

२० मार्चला उलट दिशेने लाट आली. हंगेरियन लोक हजारोंनी चौकात जमले, नंतर रोमा वस्तीतले लोक त्यांच्या मदतीला आले. किमान पाच माणसं मेली, शेकडो जखमी झाली. परदेशी कॅमेऱ्याने एक दृश्य टिपलं : एक माणूस जमिनीवर पडलाय, हलत नाहीये, आणि तरी त्याला मारणं चालू आहे. ही क्लिप जगभर दाखवली गेली. खाली मथळा काय? रोमानियन जमाव एका हंगेरियन माणसाला मारतोय. प्रत्यक्षात तो रोमानियन खेडूत होता, मारणारे हंगेरियन होते. तो जगला, पण आयुष्यभराचा अधू होऊन.

मोबाइल नव्हते, व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. एक चुकीचा मथळा पुरला. हंगेरियन माणूस तुर्गु मुरेश म्हटल्यावर श्युतोंचा डोळा सांगतो, रोमानियन माणूस ती क्लिप आणि तिच्यावरचं खोटं सांगतो. दोघंही खरं बोलतायत. श्युतोंना १९ ला मारलं, त्या माणसाला २० ला. मध्ये एक रात्र आहे, आणि त्या रात्री सरकार काय करत होतं हा प्रश्न मात्र दोघंही पुरेसा विचारत नाहीत. पोलीस आणि लष्कर उशिरा आणि तोकडं आलं. आणि थोड्याच दिवसांत, मार्च संपायच्या आत, नवी गुप्तचर संस्था स्थापन झाली. चाउशेस्कूच्या जुन्या गुप्त पोलिसांमधले अनेक जण त्यात पुन्हा कामाला लागले. म्हणून कित्येक जण म्हणतात की दंगल घडवून आणली. मी इतकंच म्हणेन की ज्यांना जुनी खुर्ची हवी होती, त्यांना ही दंगल सोयीची ठरली. पुढे खटले झाले, शिक्षा भोगणाऱ्यांत हंगेरियन आणि रोमा यांचाच भरणा होता.

पुढची काही वर्षं वाईट गेली. हंगेरीचे पंतप्रधान योझेफ अंताल म्हणाले की मनाने मी दीड कोटी हंगेरियन लोकांचा पंतप्रधान आहे. देशाची लोकसंख्या एक कोटी. उरलेले पन्नास लाख कुठले, हे बुखारेस्टमध्ये सगळ्यांना लगेच कळलं. क्लुजमध्ये १९९२ ते २००४ गेओर्गे फुनार महापौर होते. त्यांनी शहरातले बाक, कचऱ्याचे डबे, खांब, दिसेल ते निळ्या-पिवळ्या-लाल राष्ट्रीय रंगांत रंगवलं. कचऱ्याच्या डब्यावर राष्ट्रध्वजाचे रंग! देशभक्तीचा हा प्रकार मला अजून कळलेला नाही.

मग गाडी रुळावर कशी आली? इथे कुणी महान माणूस सापडत नाही, थोडी निराशा होईल. दोन्ही देशांना नाटो आणि युरोपियन युनियनमध्ये जायचं होतं, आणि शेजाऱ्याशी भांडण असेल तर दार उघडणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं होतं. सप्टेंबर १९९६ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी करारावर सह्या केल्या, तिमिश्वारामध्येच. हंगेरीने सीमा मान्य केली, रोमानियाने अल्पसंख्याकांचे हक्क. त्याच वर्षअखेर हंगेरियन लोकांचा पक्ष बुखारेस्टच्या सरकारात सामील झाला. देश तोडणारे म्हणून ज्यांची भीती दाखवली जायची, ते आता बजेट आणि रस्त्यांवर वाद घालू लागले. २००१ च्या कायद्याने ठरवलं की जिथे अल्पसंख्याक २० टक्क्यांहून जास्त, तिथे त्यांच्या भाषेत पाट्या. क्लुजमध्ये पुढच्याच जनगणनेत हंगेरियन १९ टक्के निघाले! तिथे तीन भाषांतली पाटी लागायला २०१७ उजाडलं, तीही कोर्टकचेरी होऊन.

आणि पूर्वग्रह फक्त शेजाऱ्याबद्दल असतात असंही नाही. ५ डिसेंबर २००४ ला हंगेरीत सार्वमत झालं : सीमेपलीकडच्या हंगेरियन लोकांना नागरिकत्व द्यायचं का? विरोधी प्रचार असा की हे लाखोंनी येतील, तुमच्या नोकऱ्या आणि पेन्शन खातील. मतदान ३७ टक्क्यांच्या आसपास, निकाल रद्द. ट्रान्सिल्व्हेनियाचा हंगेरियन बुडापेस्टला कामाला गेला की तिथे त्याला 'रोमानियन' म्हणायचे, हे त्याला आधीच माहीत होतं. त्या दिवशी ते मतपेटीतून कळलं. २०१० मध्ये व्हिक्टर ऑर्बान यांनी नागरिकत्व सोपं केलं आणि त्या लोकांनी भरभरून त्यांनाच मतं दिली. जखमेवर फुंकर घालणाऱ्याला मत मिळतं, यात नवल नाही.

म्हणून मे २०२५ ची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रोमानियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. एका बाजूला राष्ट्रवादी जॉर्जे सिमिओन, जे २०१९ मध्ये उझ खोऱ्यातल्या सैनिकी स्मशानभूमीत जबरदस्तीने घुसणाऱ्या गर्दीत होते, तर समोर हंगेरियन लोक हात धरून प्रार्थना करत उभे होते. दुसऱ्या बाजूला निकुशोर दान, गणितज्ञ, बुखारेस्टचे महापौर. मतदानाच्या काही दिवस आधी ऑर्बान यांनी सिमिओन यांना अनुकूल वाटेल असं विधान केलं. ज्यांना त्यांनी पासपोर्ट दिला, त्यांच्याकडून अपेक्षा काय असेल ते वेगळं सांगायला नको. हार्गिता हा हंगेरियन बहुसंख्येचा जिल्हा. तिथे सुमारे ९० टक्के मतं दान यांना पडली. रोमानियन गणितज्ञाला. बुडापेस्टचा इशारा त्यांनी ऐकला आणि बाजूला ठेवला.

१९९२ मध्ये रोमानियात सोळा लाख हंगेरियन होते, २०२१ च्या जनगणनेत दहा लाख. बरेच जण जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरीत गेले. त्यांच्याच शेजारचे रोमानियनही त्याच बसने गेले.

चला, थांबतो. उद्या सकाळी त्याच टीमबरोबर कॉल आहे.