शोधनपद्धतीने भाषा-साहित्याचे अध्यापन

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने पाठ्यवेच्याचा अर्थ शिक्षकाकडून ऐकून घेण्याऐवजी स्वतः प्रश्न उपस्थित करावेत, संहितेत आणि भोवतालच्या भाषाव्यवहारात पुरावे शोधावेत व त्यांवरून आपला निष्कर्ष मांडावा, अशी अपेक्षा बाळगणारी अध्यापनाची रीत. तिचा उगम विज्ञानाच्या अध्यापनात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हेन्‍री आर्मस्ट्राँग ह्याने रसायनशास्त्रासाठी स्वयंशोधाचा पुरस्कार केला. अमेरिकेत जॉन ड्यूई ह्याने चौकशी हेच विचारप्रक्रियेचे मूळ स्वरूप मानले. साहित्याच्या क्षेत्रात लुईझ रोझेनब्लॅट हिने १९३८ मध्ये वाचन म्हणजे वाचक व संहिता ह्यांचा परस्परव्यवहार होय, अशी भूमिका मांडली.

महाराष्ट्रात ह्या विचाराला प्रतिकूल परंपरा दीर्घ होती. परशुरामपंत गोडबोले ह्यांनी १८५४ मध्ये सिद्ध केलेला नवनीत हा काव्यसंग्रह अनेक पिढ्यांनी अभ्यासला. परंतु अन्वय, शब्दार्थ आणि पाठांतर ह्यांपुढे अभ्यास क्वचितच गेला. माध्यमिक शिक्षणाचे माध्यम दीर्घकाळ इंग्रजी असल्याने मराठीच्या तासाला दुय्यम स्थान होते. पुढे प्रशिक्षण महाविद्यालयांतून हर्बार्टची पंचपदी रुळली आणि पाठाला शिस्त आली. मात्र ह्या पायऱ्यांत प्रश्न विचारण्याचा अधिकार शिक्षकाकडेच राहिला. प्र. के. अत्रे ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात वाचनमाला संपादित करून पाठ्यपुस्तकात जिवंत मराठी आणली, हे त्यांचे मोठे श्रेय. पुस्तक बदलले, तरी परीक्षा बदलली नाही.

नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरील सातपूर येथे ह्या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते. १९६० नंतर औद्योगिक वसाहत उभी राहिल्याने मूळच्या खेड्याचे कामगारनगरात रूपांतर झाले. १९८२ मध्ये सातपूर नाशिक महानगरपालिकेत समाविष्ट झाले. अशा वसाहतीच्या वर्गात खानदेशातून आलेल्या कुटुंबांतील मुलाची घरची बोली अहिराणी असते. प्रमाण मराठीत ‘तो जातो’, ‘ती जाते’ असा लिंगभेद क्रियापदात दिसतो. अहिराणीत दोहोंसाठी ‘जास’ हे एकच रूप येते. रूढ अध्यापनात ही चूक ठरते व वहीत तांबडी रेघ उमटते. शोधनपद्धतीत तीच सामग्री ठरते : मुलांनी घरोघरची रूपे टिपावीत, त्यांचे तक्ते करावेत आणि नियम आपण होऊन काढावा. व्याकरण म्हणजे वापराचे निरीक्षण, ही गोष्ट मुलाला ह्यातून जितकी पटते तितकी व्याख्या घोकून पटत नाही. शिवाय आपल्या आईची भाषा अशुद्ध नसून वेगळी आहे, हेही कळते.

साहित्याच्या बाबतीतही परिसर समृद्ध आहे. ह्याच रस्त्याने त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाते. वारकऱ्यांच्या मुखी असलेला अभंग आणि पुस्तकात छापलेला पाठ ताडून पाहणे हे नववीच्या मुलांना जमण्याजोगे काम आहे. पाठभेद म्हणजे काय, ह्याचे ते उत्तम प्रात्यक्षिक होय. कुसुमाग्रजांचे वास्तव्य नाशिकचे, तर नारायण सुर्वे ह्यांची कविता गिरणी-कारखान्यांतील. सुर्व्यांच्या कवितेतील कामगार व आपल्या घरी पाळीवरून परतणारे वडील ह्यांची तुलना विद्यार्थी करू लागला, की रसग्रहणाचे तयार साचे निरुपयोगी होतात.

ह्या रीतीस शासकीय मान्यता उशिरा मिळाली. १९६६ मध्ये राज्यात माध्यमिक शिक्षण मंडळ आणि १९६७ मध्ये पाठ्यपुस्तकनिर्मितीचे मंडळ (बालभारती) स्थापन झाले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी बसला, कित्येकदा आशयाविना. नवव्या इयत्तेचे पाठ्यपुस्तक २०१७ मध्ये, तर दहावीचे २०१८ मध्ये बदलले. मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषाविषयांसाठी प्रश्नपत्रिकेऐवजी ‘कृतिपत्रिका’ आली. आकलन, काव्यसौंदर्य, स्वमत, अपठित उतारा, उपयोजित लेखन अशी तिची रचना आहे. त्याच वर्षी भाषेचे अंतर्गत गुण रद्द झाले होते. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९·४१ टक्क्यांवरून ७७·१० टक्क्यांवर उतरला. पालकांत असंतोष पसरला आणि २०१९-२० पासून वीस अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले. निकालातील घसरणीचे खापर कृतिपत्रिकेवर फोडण्यात आले. वस्तुतः दोन बदल एकाच वर्षी झाल्याने त्यांचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

अधिक चिंतेची बाब दुसरी आहे. ‘स्वमत’ ह्या घटकाचीही आदर्श उत्तरे मार्गदर्शक पुस्तकांतून छापली जातात व पाठ केली जातात. परीक्षकास हजारो उत्तरपत्रिका ठराविक मुदतीत तपासावयाच्या असतात. अनपेक्षित पण पुराव्यासह मांडलेले मत ओळखण्यास लागणारा वेळ त्याच्यापाशी नसतो. साठाहून अधिक मुलांच्या वर्गात पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाच्या प्रश्नाचा पाठपुरावा करणेही अशक्यप्राय असते. म्हणून काही शिक्षक वर्षातून एखादाच पाठ ह्या रीतीने घेतात व उरलेले जुन्या पद्धतीने संपवितात. हा मध्यममार्ग शिक्षणशास्त्रावरील ग्रंथांत आढळत नाही, परंतु शाळांतून तोच टिकून आहे.