जुनी हस्तचालित भिंगे व अडॅप्टर

फिल्म कॅमेऱ्यांसाठी बनवलेली, हाताने फोकस करावयाची भिंगे अडॅप्टरच्या साहाय्याने डिजिटल कॅमेऱ्यावर वापरण्याची पद्धत. भिंगाच्या बैठकीपासून फिल्म वा संवेदकापर्यंतच्या अंतरावर ही जुळणी अवलंबून असते : एम४२ या आट्यांच्या बैठकीसाठी ते ४५.४६ मिमी., तर सोनीच्या ई-माउंटसाठी केवळ १८ मिमी. असल्याने, उरलेले २७.४६ मिमी. भरून काढणारे धातूचे पोकळ कडे, म्हणजेच अडॅप्टर, पुरेसे ठरते, उलट निकॉनच्या एफ-माउंटवर (४६.५ मिमी.) तीच भिंगे जादा काचेविना दूरच्या दृश्यावर फोकस होत नाहीत. सोव्हिएत बनावटीचे हेलिओस-४४-२ (५८ मिमी., एफ/२) हे या प्रकारातील सुपरिचित भिंग होय.

छत्रपती संभाजीनगरमधील (औरंगाबाद) औरंगपुऱ्यापासून सुमारे १०० किमी.वरील अजिंठा लेण्यांत भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला मनाई असल्यामुळे, एफ/२ एवढे मोठे छिद्र तेथील मंद उजेडात फार मोलाचे ठरते. मात्र छिद्र पूर्ण उघडल्यास स्पष्टतेची खोली अत्यल्प उरते. म्हणून पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या मुकुटाचे नाजूक काम टिपताना पडद्यावरील प्रतिमा मोठी करून फोकसचे कडे अगदी सावकाश फिरवावे लागते. अशा भिंगाकडून कॅमेऱ्याला कोणतीही माहिती मिळत नसल्याने, कंप रोखणारी यंत्रणा नीट चालावी यासाठी नाभीय अंतर हाताने नोंदवणे आवश्यक असते.