दिनविशेष : ११ एप्रिल – शिवलेली साडी आणि ऑस्कर

११ एप्रिल १९८३. लॉस एंजेलिस येथे ५५व्या ऑस्कर सोहळ्यात कोल्हापूरच्या भानू अथैया (माहेरच्या राजोपाध्ये) यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

बॅरिस्टरच्या कोट-टायपासून पंच्यापर्यंत एक माणूस कसा बदलत गेला, हे ‘गांधी’तल्या कपड्यांवरूनही कळते. पण भानूताईंचे मोठेपण ऑस्करच्या त्या एका बाहुलीत मावत नाही. ‘ब्रह्मचारी’ चित्रपटासाठी (१९६८) अभिनेत्री मुमताजची केशरी साडी त्यांनी चक्क शिवली, तिला चेन लावली. नाचताना निऱ्या सुटायची धास्तीच संपली! आज पुण्यातल्या कसबा गणपतीच्या मिरवणुकीत शिवलेली नऊवार घालून (हो, नेसून नव्हे) आलेल्या मुलींना हीच मोकळीक हवी असते. साडी टिकवायची तर तिच्यात हातपाय मोकळे हलले पाहिजेत, हे भानूताईंनी फार आधी ओळखले होते.

आपल्या पश्चात ऑस्करची बाहुली नीट जतन व्हावी म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती ऑस्कर अकादमीकडे सोपवली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.