स्पॅनिशचा पूर्ण भूतकाळ आणि मराठीचा 'ने' प्रत्यय

कर्जतजवळ, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी लिपीतील छोटा लेख आहे : 'कण्हस अंतेवासिना बलकेन कतं'. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा अर्थ. इसवी सनापूर्वीच्या या प्राकृत वाक्यात कर्ता तृतीया विभक्तीत आहे आणि 'कतं' हे रूप कर्माशी जुळते. मराठीने हीच रीत पुढे चालविली. बलकाने स्तंभ कोरला होता, मूर्ती कोरली होती, लेणे कोरले होते. कर्ता तोच, क्रियापद मात्र कर्मामागे फिरते. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाची गफलत होण्याचा संभव नेमका येथेच असतो.

स्पॅनिशमध्ये या काळाला 'प्लुस्कुआम्पेर्फेक्तो' म्हणतात. त्यात 'आबेर' हे सहायक क्रियापद कर्त्याच्या पुरुष-वचनानुसार चालते : मी - आबीआ, तू - आबीआस, तो किंवा ती - आबीआ, आम्ही - आबीआमोस, तुम्ही - आबीआइस, ते - आबीआन. पैकी 'आबीआइस' मुख्यतः स्पेनमध्येच ऐकू येते. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही'साठीही 'आबीआन'च वापरतात. मुख्य क्रियापदाच्या शेवटच्या 'आर'चे 'आदो' होते, 'एर' व 'इर' यांचे 'ईदो' : आब्लार (बोलणे) - आब्लादो, कोमेर (खाणे) - कोमीदो, बिबिर (राहणे) - बिबीदो.

हे दुसरे रूप लिंग-वचनाने बदलत नाही. 'तायार' म्हणजे कोरणे. 'फिगूरा' (मूर्ती) हा शब्द स्त्रीलिंगी असला, तरी 'बलक आबीआ तायादो ला फिगूरा' असेच म्हणावे लागते. येथे 'तायादा' म्हणणे चूक. मूर्ती कोरलेली होती, अशी नुसती स्थिती सांगायची असेल तर मात्र 'एस्तार' क्रियापद येते आणि 'ला फिगूरा एस्ताबा तायादा' हे बरोबर ठरते.

आणखी एक सवय मोडावी लागते. 'काल कर्जतला गेलो होतो' हे मराठीत सहज बोलले जाते. स्पॅनिशमध्ये तेथे साधा भूतकाळच हवा, 'आयेर फुई आ कर्जत'. पूर्ण भूतकाळासाठी नंतर घडलेली दुसरी गोष्ट वाक्यात वा संदर्भात असावी लागते : 'कुआन्दो येगामोस आ कोंडाणे, या आबीआ पारादो दे योबेर', म्हणजे आम्ही कोंडाण्याला पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता.

बलकाच्या लेखातले 'करणे' मात्र या नियमात बसत नाही. 'आसेर'चे 'आसीदो' न होता 'एचो' होते. लिहिणे, पाहणे, ठेवणे यांची रूपेही अशीच वेगळी पाठ करावी लागतात.